पाणी कुठं मुरतंय?

गेल्या अंकात अंगावरच्या सुजेबद्दल चार ओळी लिहिल्या आणि ‘सूज वाटली तर नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबून बघा’ एवढं सांगून मी थांबले. अनेकांनी खरंच दाबून बघितलं. खळगा पडला, आणि मग घाबरून पत्रं लिहिली. दाबायला सांगितलं तर पुढचंही सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, क्षमा मागते. म्हणून या वेळची सगळी जागा सुजेलाच दिली आहे. नावं गाळली आहेत, दोन-तीन पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. तीन महिन्यांपूर्वी ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली. महिन्याभरापासून संध्याकाळी दोन्ही पावलं सुजतात, चपलेचे पट्टे रुतून वळ उठतात. सकाळी बरंच उतरलेलं असतं. ओळखीच्या एकांनी लघवीची गोळी सुचवली. आठ दिवस झाले, लघवी भरपूर होते, पण सूज तेवढीच. शिवाय उठताना त्यांना चक्कर येते. गोळी वाढवायची का?

उत्तर : वाढवायची तर नाहीच. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि ती गोळी कुणाला न विचारता सुरू केली होती हेही सांगा. चक्कर येतेय याचा अर्थ पाणी चुकीच्या जागेतून निघतंय.

हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांना ते लागणार आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत. रक्तातला पातळ भाग जेमतेम ३ लिटर. उरलेलं ११ लिटर पेशींच्या मधल्या जागेत. हे मधलं पाणी मोकळं वाहत नसतं, जेलीसारख्या जाळ्यात धरलेलं असतं; म्हणून तर दिवसभर उभं राहूनही आपलं सगळं पाणी पायात उतरत नाही. सूज येते ती या मधल्या जागेत. जाळ्याला धरवेना इतकं पाणी झालं की ते सुटं होतं, अंगठ्याने दाबलं की बाजूला सरकतं आणि खळगा उरतो. अंगभर सूज येते तेव्हा तो खळगा दिसेपर्यंत अडीच-तीन लिटर पाणी जास्तीचं साठून गेलेलं असतं.

ते तिथं येतं कसं, याचं मूळ गणित १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्लिश शास्त्रज्ञाने मांडलं. केशवाहिनी म्हणजे केसासारखी बारीक रक्तवाहिनी; तिच्यातला दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. या ओढाताणीत थोडं पाणी सतत बाहेर झिरपतच असतं. आम्ही शिकत होतो तेव्हा सांगायचे की केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला त्यातलं बहुतेक परत आत शोषलं जातं. आता कळलंय की बऱ्याच ठिकाणी तसं होत नाही. ते उचलून मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात नेऊन सोडण्याचा भार लसिकावाहिन्यांवर, म्हणजे हे झिरपलेलं पाणी (लसिका) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांवर असतो. म्हणजे सूज यायला वाटा चारच. केशवाहिनीतला दाब वाढला, अल्ब्युमिन घटलं, केशवाहिनीची भिंत गळकी झाली, नाहीतर लसिकेचा निचरा तुंबला. डॉक्टरने शोधायचं ते एवढंच, की पाणी नेमकं कुठं मुरतंय.

आता सासूबाईंच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. ‘अम्लोडिपिन’ असेल असा माझा अंदाज आहे. ही गोळी चांगली आहे, लाखो लोक घेतात. ती रक्त आणणाऱ्या बारीक रोहिण्या सैल करते, रक्त परत नेणाऱ्या नीला मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. येणारा नळ मोठा झाला, मोरी तेवढीच राहिली. मध्ये केशवाहिनीत दाब चढतो आणि पावलांत पाणी झिरपतं. म्हणजे अंगात पाणी जास्त झालेलंच नाही! लघवीची गोळी मग काढते काय? त्या ३ लिटरमधलं, रक्तातलं. सूज राहते जागेवर आणि माणसाला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. नव्यानेच वॉर्डात रुजू झाले होते तेव्हा असेच एक आजोबा दाखल होते. पाय सुजलेले, अंगठा दाबला की पेरभर खळगा. मी लघवीचं औषध लिहिलं. दुसऱ्या दिवशी खळगा तेवढाच, म्हणून दुप्पट केलं. तिसऱ्या रात्री ते लघवीला म्हणून उठले आणि पलंगाशीच पडले. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी मोठ्या मॅडमनी केसपेपर चाळला, बीपीच्या गोळीच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बोट मला आजही दिसतं. तेव्हापासून सूज बघितली की मी आधी गोळ्यांची पिशवी मागते. बीपीची ही गोळी, सांधेदुखीसाठी रोज घेतली जाणारी वेदनाशामकं, स्टिरॉइड, मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही सगळी पायांवर सूज आणू शकतात.

बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतील, गोळी बदलतील, किंवा तिच्या जोडीला टेल्मिसार्टन वा रामिप्रिलच्या जातीची दुसरी गोळी देतील. त्याने बाहेर नेणारी वाट सैल होते आणि सूज बहुधा उतरते. एकदा हृदय, किडनी आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या म्हणजे शंका राहायला नको. दिवसा अधूनमधून चालणं ठेवा. उभं असताना घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास दाब असतो, चालायला लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि तो ३०च्या घरात येतो. खुर्चीत पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसण्यासारखं सूज आणणारं दुसरं काही नाही.

प्रश्न : वडिलांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे. मागच्या महिन्यात मध्यरात्री धाप लागली, दवाखान्यात नेलं तर म्हणाले ‘फुप्फुसात पाणी झालंय’. शिरेतून इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला. माझ्या मामांनाही फुप्फुसात पाणी झालं होतं, त्यांचं सुई घालून लिटरभर काढलं होतं. वडिलांचं का नाही काढलं? हयगय झाली का?

उत्तर : नाही, उपचार अगदी योग्य झाले. घोटाळा आपल्या बोलण्यात आहे. आपण दोन वेगळ्या आजारांना एकच शब्द वापरतो. मामांचं पाणी फुप्फुसाच्या बाहेर होतं, फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत. तिथं ते तळ्यासारखं साचतं, म्हणून सुईने काढता येतं. वडिलांचं पाणी फुप्फुसाच्या आत, हवेच्या लाखो-कोटी फुग्यांत उतरलं होतं. भिजलेल्या स्पंजात सुई खुपसून पाणी निघत नाही, तसंच ते. हवेचा फुगा आणि रक्त यांच्यामधली भिंत केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ असते. त्या भिंतीपलीकडे पाणी भरलं की माणूस कोरड्या खोलीत, पलंगावर बसल्या बसल्या बुडत असतो. हे मी वाढवून सांगत नाही. अशा पेशंटचा हात धरून जो कुणी उभा राहिलाय त्याला विचारा. घामाने थबथबलेला चेहरा, आडवं होणं अशक्य, तोंडाशी गुलाबीसर फेस.

हे पाणी काढायची वाट रक्तातूनच आहे. मास्कमधून दाबाने हवा आत गेली की फुगे उघडे राहतात. नीला सैल करणारं औषध हृदयाकडे येणारा लोंढा कमी करतं. फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन किडनीतून मीठ आणि पाणी बाहेर काढतं. तासाभरात पिशवी लघवीने भरू लागते आणि पेशंट पहिल्यांदा मागे टेकतो. तो टेकला की आम्हीही श्वास सोडतो.

मध्यरात्रीच का? दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर हळूहळू रक्तात परत येतं. धडधाकट हृदय ते सहज पेलतं. दुबळ्याला झेपत नाही, मग पाणी मागच्या मागे फुप्फुसांत तुंबतं. वडील त्याआधी काही दिवस एकाऐवजी दोन, मग तीन उशा घेऊ लागले होते का ते आठवून बघा. बहुतेक घरांतून ‘हो’ असं उत्तर येतं, आणि त्या वेळी कुणाला त्यात काही वाटलेलं नसतं.

आता एक गणित, जे मला हृदयाच्या प्रत्येक पेशंटच्या घरात भिंतीवर लावावंसं वाटतं. रक्तातल्या आणि पेशींच्या मधल्या पाण्यात लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाइतकी खारटाई असते आणि शरीर ती बदलू देत नाही. हृदय पुरेसं रक्त पुढं ढकलत नाही तेव्हा किडनीची फसगत होते. तिला वाटतं रक्तच कमी झालंय, म्हणून ती मीठ सोडायलाच तयार होत नाही. ९ ग्रॅम मीठ अंगात अडकलं की त्याच्याबरोबर लिटरभर पाणी अडकलं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. वडिलांचा हिशोब यावरून तुम्हीच करा.

म्हणून वजनकाटा आणा. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर धाप लागण्याची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. चरबी तीन दिवसांत दोन किलो वाढत नाही. वाढतं ते पाणीच. लघवीची गोळी सकाळी घेऊ द्या, तिचा जोर सहाएक तास असतो. रात्री घेतली तर झोपमोड आणि अंधारात पडण्याची भीती. पायांवरची सूज उतरली म्हणून बाकीच्या गोळ्या मात्र बंद होऊ देऊ नका. लघवीची गोळी धाप आणि सूज उतरवते, पण आयुष्य वाढतं असं ज्यांच्याबद्दल सिद्ध झालंय त्या गोळ्या वेगळ्याच आहेत. किडनीची ती फसगत मोडणाऱ्या. स्पिरोनोलॅक्टोनचं १९९९ मध्ये सिद्ध झालं. मधुमेहासाठी म्हणून आलेल्या डॅपाग्लिफ्लोझिनचं २०१९ मध्ये, तेही मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांतसुद्धा. वडिलांच्या चिठ्ठीत कुठल्या आहेत, कुठल्या नाहीत आणि का नाहीत, हे पुढच्या भेटीत विचारा. विचारण्यात संकोच करू नका.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. पंधरा दिवस झाले, सकाळी उठतो तेव्हा डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या असतात, दुपारपर्यंत उतरतात. ॲलर्जी म्हणून थेंब आणि सिरप चालू आहे. वजन मात्र छान वाढतंय, गालही भरलेत. घरच्यांना तो अंगाने भरतोय असं वाटतं. तरी मला राहवत नाही म्हणून लिहिते.

उत्तर : ताई, तुम्हाला राहवलं नाही हे फार बरं झालं. सूज म्हणजे बाळसं नव्हे असं आपल्याकडे म्हणतात ते कुणीतरी असंच पोर बघून म्हटलं असणार. उद्या सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत द्या आणि ‘प्रथिन’ तपासायला सांगा. रात्रभर आडवं झोपलं की पाणी चेहऱ्याकडे येतं, आणि पापण्यांची कातडी सैल असते म्हणून तिथं आधी दिसतं. दुपारी ते पायांकडे उतरतं. त्याच्या मोज्यांची खूण संध्याकाळी घोट्यावर राहते का तेही बघा.

१८२७ मध्ये लंडनच्या गायज्‌ हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज असलेल्या पेशंटची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. ते अल्ब्युमिन होतं. किडनीची चाळणी भोकं पडल्यासारखी झाली की रक्तात पाणी धरून ठेवणारं हे प्रथिन लघवीतून वाहून जातं, आणि वर किडनी मीठही अडवते. आज चमच्याऐवजी कागदाची पट्टी आहे, तीस-साठ सेकंदांत रंग बदलते. दोनशे वर्षांत इतकी सोपी झालेली तपासणी पापण्यांच्या सुजेसाठी लवकर होत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

प्रथिन भरपूर आढळलं तर बालरोगतज्ज्ञ बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करतील. या वयात किडनीच्या या गळतीचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो तो या औषधाला चांगली दाद देतो, बहुतेक मुलांची लघवी चार आठवड्यांच्या आत साफ होते. आजार उलटतो मात्र अनेकांत. म्हणून पुढं रोज सकाळी घरीच पट्टी बुडवून वहीत नोंद ठेवायची असते. ओळीने तीन दिवस पट्टीवर ‘तीन अधिक’ (+++) आलं तर आजार परत आला असं समजायचं. सूज असताना ताप आला किंवा पोट दुखू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. या साचलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि मुलाच्या रक्तातून प्रतिकार करणारी प्रथिनंही वाहून गेलेली असतात.

प्रश्न : मी फुटबॉल खेळतो. घोटा मुरगळला, टम्म सुजलाय. प्रशिक्षक म्हणतात तासन्‌तास बर्फ लाव, सूज उतरलीच पाहिजे. मित्र म्हणतो सूज हाच शरीराचा औषधोपचार आहे, तिला हात लावू नकोस. खरं कोण?

उत्तर : मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मला फार आवडतं. आतापर्यंतच्या उत्तरांत पाणी हे नुसतं संकट म्हणून आलं. तुझ्या घोट्यातलं पाणी वेगळं आहे. तिथं केशवाहिन्यांच्या भिंती शरीराने स्वतः उघडल्या आहेत. त्यातून येणारा द्रव प्रथिनांनी दाट असतो. त्यात जखमेवर जाळं विणणारं फायब्रिनोजेन असतं, जंतू ओळखणारी प्रतिपिंडं असतात, मागोमाग साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात. तिथं काय घडलं याची खबर हाच द्रव लसिकावाहिन्यांतून जवळच्या लसिकागाठींपर्यंत नेतो. लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदली. त्यातली सूज म्हणजे हे आलेलं मदतीचं सामान.

अर्धं खोटं अशासाठी, की सामान येऊन पडून राहिलं तर वाट अडते. पेशी आणि केशवाहिनी यांच्यामधलं अंतर वाढतं, प्राणवायू पोचायला उशीर होतो, सांधा आखडतो. म्हणून पाय छातीपेक्षा उंच ठेव, लवचीक पट्टी बांध, दुखणं सोसवेल तसा घोटा हलवायला लाग. बर्फ दुखणं कमी करण्यापुरता, मध्ये कापड ठेवून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. विश्रांती, बर्फ, पट्टी, उंची हे चौकडीचं सूत्र १९७८ मध्ये लोकप्रिय करणारे डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढं मत बदललं आणि बर्फाने भरून येणं लांबू शकतं असं लिहिलं. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट ठेवताच कळ येत असेल, तर आधी एक्स-रे काढ.

हाच द्रव कवटीत साठला तर सगळं उलटं होतं, कारण कवटीला फुगायला जागा नाही. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने एक-दोन दिवसांत उतरताना मी बघितली आहे; बोलणं थांबलेला माणूस नाव सांगू लागतो. तेच पाहून डोक्याला मार लागलेल्यांनाही वर्षानुवर्षं स्टिरॉइड दिलं गेलं. २००४ मध्ये दहा हजारांवर जखमींच्या चाचणीचा निकाल आला तेव्हा कळलं, की स्टिरॉइड मिळालेल्यांत मृत्यू जास्त झाले. सूज तीच दिसते, पण भिंत कशामुळे गळतेय ते वेगळं असतं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. सहा महिन्यांपासून त्या बाजूचा हात जड झालाय, बांगडी चढत नाही. लघवीच्या गोळ्यांनी फरक नाही. ‘आता हे असंच राहणार, त्या हाताने काही उचलू नका’ असं सांगितलंय. मला शिवणकाम आवडतं, तेही सोडलंय.

उत्तर : शिवणकाम पुन्हा सुरू करा. आधी हे सांगून टाकते.

तुमच्या हातात पाणी येतंय ते नेहमीएवढंच; जायची वाट कापली गेली आहे. आणि लसिकावाहिन्या फक्त पाणी नेत नाहीत, झिरपलेली प्रथिनंही त्याच नेतात. ती हातात अडकून पडतात. लघवीची गोळी पाणी काढेल, प्रथिनं काढू शकणार नाही, आणि ती प्रथिनं पुन्हा पाणी ओढून घेतील. शिवाय ती तिथं फार काळ राहिली की त्या जागी चरबी आणि तंतू वाढतात, हात टणक होतो, मग अंगठ्याने खळगाही पडत नाही. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून बघा. चिमटीत येत नसेल तर लसिकेची सूज पक्की झाली आहे असं समजा. येत असेल तर वेळ हातात आहे.

उपचार आहेत, आणि ते करणारे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असतात; मोठ्या कर्करोग रुग्णालयांत चौकशी करा. अशाच एका फिजिओथेरपिस्ट मुलीला हे करताना मी तासभर शेजारी बसून बघितलं. मला वाटलं होतं सुजलेल्या मनगटापासून चोळायला लागेल. तिने सुरुवात केली मानेपासून, मग दुसऱ्या बाजूची काख, मग छाती, आणि शेवटी हात. “आधी पुढची वाट मोकळी करायची, मग पाणी सोडायचं,” ती म्हणाली. स्पर्श इतका हलका, की कातडी फक्त सरकावी. जोरात रगडलं तर लसिकावाहिन्या चेपतात. मग पट्ट्या. एकेक बोट वेगळं गुंडाळलं, तळव्यावर मऊ फोम, त्यावर कमी ताणणाऱ्या पट्टीचे थर. पंजाकडे आवळ, खांद्याकडे सैल होत गेलेले. पेशंट बाईंनी तशाच हाताने चेंडू दाबत व्यायाम केला. पट्टीच्या आत स्नायू फुगतो तेव्हा पाणी वर ढकललं जातं. काही आठवड्यांनी हात उतरला की दिवसभर दाबाची बाही घालायची, आणि ती सोडायची नाही.

‘काही उचलू नका’ हा सल्ला जुना झाला. २००९ मध्ये अशाच बायकांना आठवड्यातून दोनदा, अगदी कमी वजनापासून सुरू करून, देखरेखीखाली वजनं उचलायला लावलेल्या अभ्यासाचा निकाल आला. हात वाढले नाहीत, उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. तुम्ही शिवताना अंगुस्तान मात्र घालाच. सुई टोचली, कातडी फाटली तर या साचलेल्या, प्रथिनांनी भरलेल्या पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. असा प्रत्येक संसर्ग उरलेल्या लसिकावाहिन्याही खराब करून जातो. रोज रात्री कातडीला मलम चोळून ती मऊ ठेवा. मनगटावर आणि कोपराच्या खाली-वर ठरलेल्या जागी टेपने घेर मोजून महिन्यातून एकदा लिहून ठेवा. शिवणाऱ्या बाईला टेप धरायला मी काय शिकवणार!

प्रश्न : भावाला लिव्हरच्या आजाराने पोटात पाणी होतं. डॉक्टर सुईने काढू म्हणतात. नातेवाईक म्हणतात, एकदा सुई लावली की पाणी पुन्हा पुन्हा होतं.

उत्तर : पाणी पुन्हा होतं ते लिव्हर आकसल्यामुळे, सुईमुळे नाही. पोट ताणून श्वास कोंडत असेल तर काढून घ्या. पहिल्या वेळी थोडं तपासणीला गेलंच पाहिजे. त्यात संसर्ग असेल तर दुखणं फारसं नसतानाही जिवावर बेतू शकतं. पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात, नाहीतर किडनीला झटका बसतो; हे देणार आहेत ना, एवढं विचारून घ्या. गोळ्यांनी उतरवताना घाई नको. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये, कारण पोटातलं पाणी रक्तात त्याहून वेगाने परत येत नाही. दारू पूर्ण बंद, वेदनाशामकं बंद, मीठ कमी.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी पायाचं प्लास्टर निघालं. दोन दिवसांपासून तीच एक पोटरी सुजली आहे, दुखते, जरा गरमही लागते. तेल लावून चोळू का?

उत्तर : हे पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा संपादकांकडून नंबर घेऊन मी लगेच फोन केला. उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. एकाच पायाला, अचानक, महिन्याभराच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर आलेली सूज म्हणजे खोल नीलेत गुठळी असण्याची शंका आधी घ्यायची. चोळलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मी त्यांना गुडघ्याखाली चार बोटांवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायला सांगितलं. फरक चार सेंटिमीटरचा होता. त्याच संध्याकाळी सोनोग्राफी झाली, मांडीच्या नीलेपर्यंत गुठळी होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी निदान तीन महिने चालेल. त्यांनी हे छापायला परवानगी दिली, आणि फोन ठेवताना सांगितलं की तेलाची वाटी गरम करून बाजूलाच ठेवली होती.